पायरी हाच पत्ता

(दृश्य: पहाटेचा महाद्वार रोड. फुलांच्या पाट्या उतरतायत. बंद दुकानांच्या पायऱ्यांवर पांघरुणं.)

अजून उजाडलेलं नाही. अंबाबाईच्या देवळाकडं जाणाऱ्या या रस्त्यावर पायऱ्यांवरची माणसं उठायला लागलीत. चादरीची घडी होते, घडी पिशवीत जाते, पिशवी काखेत. दुकानाचं शटर वर जायच्या आधी पायरी मोकळी करायची, हे इथं कुणी कुणाला शिकवत नाही. सगळ्यांना ठाऊक असतं.

मागणारा हात कोल्हापूरला नवा नाही. दत्तात्रेय रोज काशीला स्नान करतात, भिक्षेला कोल्हापुरात येतात आणि झोपायला माहूरला जातात, अशी आपली श्रद्धा. त्या भिक्षेच्या नावानं या शहरात देऊळसुद्धा आहे. दुपारी दारात आलेल्याला हाकलू नये, कुणाच्या रूपात कोण येईल सांगता येत नाही, असं आमच्या आज्या सांगायच्या. वासुदेव आला की सुपातलं पसाभर धान्य त्याच्या झोळीत जायचं. नवरात्रात चांगल्या घरच्या बायका पदर पसरून पाच घरी जोगवा मागायच्या, अजूनही मागतात. त्यात कुणाला कमीपणा वाटत नाही.

मग याच रस्त्यावर पायरीवर बसलेला माणूस आपल्याला का खुपतो?

(दृश्य: संध्याकाळ. गंगावेशचा दूध कट्टा. म्हशीची धार, फेसाळलेले पेले.)

कट्ट्यावर विषय काढून बघा. "हातपाय धड हाईत न्हवं? काम कर म्हणावं की." "दिवसाला आपल्यापेक्षा जास्त मिळवत्यात." "टोळ्या असत्यात ह्येंच्या मागं." बोलणारी माणसं वाईट नाहीत. ऑगस्ट 2019 मध्ये पंचगंगा शहरात शिरली, पुणे-बेंगळुरू महामार्ग कित्येक दिवस बंद पडला, तेव्हा घराघरात भाकऱ्या थापल्या गेल्या त्या याच माणसांच्या. पूरग्रस्त शाळांमध्ये झोपले. धडधाकट असून इथं का झोपलास, असं त्यांना कुणी विचारलं नाही. घर पाण्यात गेलंय, हे सगळ्यांना दिसत होतं.

पायरीवरच्या माणसाचं घर कशात गेलं, ते दिसत नाही. एवढाच फरक आहे.

हॉटेलात भांडी घासणारा माणूस बघा. तो बहुतेक वेळा तिथंच जेवतो, तिथंच माळ्यावर झोपतो. हात भाजला, आजारपण आलं, मालकाशी वाजलं, की नोकरी आणि अंथरूण एकाच दिवशी जातं. बांधकामावरच्या गड्याचंही तसंच. काम संपलं की पत्र्याची खोली मोडली जाते. कुणी नवऱ्यामागं दिरांनी घराबाहेर काढलेली, कुणाचं डोकं फिरलंय आणि गोळ्या आणून द्यायला घरचं कुणी उरलेलं नाही.

आता "काम कर" या बोलण्याकडं या माणसाच्या जागेवरून बघू. कामाला जायचं तर अंघोळ हवी. पिशवी ठेवायला जागा हवी, कारण पिशवी चोरीला गेली की त्यातलं आधार कार्डही गेलं. आणि मालकाचा पहिला प्रश्न असतो, "राहतोस कुठं?" इथंच सगळं अडतं. दारूचं म्हणाल, तर काहीजण पितात, हे खरं आहे. घर असलेलेही पितात, पण त्यांना झिंग उतरेपर्यंत पडायला खोली असते.

टोळ्यांचंही अगदीच खोटं नाही. मुलं पळवून त्यांना मागायला बसवणं हा गंभीर गुन्हा आहे, आणि त्यासाठी मूल अपंग केलं तर जन्मठेपेपर्यंत शिक्षा आहे. सिग्नलला असं मूल दिसलं तर नाणं देऊ नका, 1098 या मुलांच्या मदतीच्या नंबरला फोन करा. पण त्या टोळीचा राग पायरीवरच्या म्हातारीवर कशाला?

(दृश्य: रात्र. मध्यवर्ती बसस्थानक. बाकांवर, बाकांखाली झोपलेली माणसं.)

कायदा मात्र तिच्यावरच रोखलेला आहे. 1959 चा भिक्षा प्रतिबंधक कायदा. पोटापाण्याचं साधन दिसत नाही आणि माणूस मागून जगत असावा असा भटकतोय, एवढ्यावर पोलीस त्याला वॉरंटशिवाय धरू शकतात. पहिल्यांदा दोषी ठरला तर एक ते तीन वर्षं भिक्षेकरीगृहात, पुन्हा पुन्हा सापडला तर दहा वर्षांपर्यंत. गाणं म्हणून, नाचून, भविष्य सांगून मागणं, तेही यात आलं. 2018 मध्ये दिल्ली उच्च न्यायालयानं तिथल्यापुरती या कायद्याची मुख्य कलमं रद्द केली. 2021 मध्ये सर्वोच्च न्यायालयानं भीक मागण्यावर सरसकट बंदी घालायला नकार दिला.

गरिबीला गुन्हा समजायचं नाही, हे कोल्हापूरला दिल्लीकडून शिकायची गरज नव्हती. ज्या जमातींना जन्मानं गुन्हेगार ठरवून रोज चावडीवर हजेरी लावायला लावत, त्यांची ती हजेरी शाहू महाराजांनी 1918 मध्ये बंद केली. फासेपारध्यांना त्यांनी काम दिलं, राहायला जागा दिली. आधी सुधार, मग जागा देतो, असं ते म्हणाले नाहीत. शिकायला आलेल्या गरीब पोराला डोक्यावर छप्पर हवं, हे ओळखून 1901 पासून त्यांनी एकामागून एक वसतिगृहं उभी केली.

शहरी बेघरांच्या निवाऱ्यासाठी सरकारचा निकष आहे: एक लाख लोकसंख्येमागं शंभर जणांची सोय, बाराही महिने. 2011 च्या जनगणनेत कोल्हापूर शहर साडेपाच लाखांचं होतं. म्हणजे तेव्हाच्या हिशोबानं साडेपाचशे अंथरुणं. निवारा बसस्थानक, रेल्वे स्टेशन, बाजार यांच्याजवळ असावा, हेही त्यात आहे, कारण ही माणसं पोट भरायला तिथंच असतात. पण जागा बघायला सुरुवात झाली की "आमच्या गल्लीत नको" हे आपणच म्हणतो. दोन रुपयांचं नाणं टाकायला तयार असलेला हात तक्रार अर्जावर सही करायलाही तयार असतो. मला याचंच जास्त वाईट वाटतं.

(दृश्य: पुन्हा महाद्वार रोड. शटर खाली येतायत. एक आजी पायरी झाडते, चादर अंथरते.)

निवडणूक आयोगाचा एक नियम आहे. बेघर माणसाला मतदार यादीत नाव घालायला राहत्या जागेचा कागद लागत नाही. तो जिथं झोपतो म्हणतो, तिथं कर्मचाऱ्यानं रात्री जाऊन बघायचं. एकदा नाही, एकापेक्षा जास्त रात्री. माणूस खरंच तिथं झोपलेला दिसला, की ती जागा हाच त्याचा पत्ता.

आजी पिशवी उशाला घेते. शेजारच्या दुकानाचा गडी कुलूप ओढून बघतो, आणि जाता जाता म्हणतो, "निजा आता, आज्जी."