मान सोडा, पाठ बघा
(दादर येथील व्याख्यानाचे संपादित शब्दांकन)

मंडळी, पत्रिकेत विषय छापलाय ‘तरुण घोड्याच्या तालमीच्या सहा पायऱ्या’. त्या सांगतोच. पण आधी माझं एक जुनं दुखणं ऐकून घ्या. इतकी माणसं पंख्याखाली गप्प बसलेली मला पुन्हा कधी मिळायची?

२०२३ च्या सप्टेंबरात हांगझोच्या आशियाई स्पर्धेत आपल्याला ड्रेसाजचं, म्हणजे घोड्याला तालमीने शिकवलेल्या चालींच्या स्पर्धेचं, सांघिक सुवर्ण मिळालं. घोडेस्वारीतलं सुवर्ण १९८२ च्या दिल्लीनंतर तेव्हाच आलं, आणि चौघांच्या त्या संघात आपल्या मुंबईचा हृदय छेडा होता. गणपतीचे दिवस. गिरगावात आत्याकडे सगळे मोबाईलवर डोकं घालून बसले होते. तेवढ्यात आतेभाऊ म्हणतो, “यात काय आहे? माझ्या वरातीतली घोडी याहून झकास नाचली होती. मान कशी वाकवायची, बघ!”

झालं. पानातले मोदक निवले आणि माझं भाषण सुरू. अरे बाबा, तिची मान वाकलेली नव्हती, आवळलेली होती! लगाम खोगिराला आखूड बांधलेला, नाक छातीला टेकलेलं, तोंड उघडं, डोळ्यांची पांढरी कड दिसतेय. बँडवाल्याने ताशा बडवला की जागच्या जागी उसळायची. वर साडेतीन किलोचा फेटा घातलेला घाबरलेला नवरदेव. (फेट्याचं वजन माझं आहे, वाद नको.) आत्या शेवटी म्हणाली, “लग्न टिकलंय ना त्याचं? मग जेव.”

सारंगखेड्याच्या बाजारातल्या रुबाबदार घोड्यांशी माझं भांडण नाही. भांडण आहे ते आपल्या नजरेशी. घोडा दिसला की आपण मान बघतो. लगाम ओढून कुणालाही कुठल्याही घोड्याची मान दहा मिनिटांत वाकवता येते. २०१० मध्ये आंतरराष्ट्रीय घोडेस्वारी महासंघालासुद्धा जाहीर करावं लागलं की जबरदस्तीने मान दुमडणं चालणार नाही. म्हणजे हा आजार वरातीपुरता नाही, चांगल्या घरातलाही आहे.

मग बघायचं काय? पाठ. महालक्ष्मीला सकाळी पाणी मारलेल्या वाळूवर पाच वर्षांचा घोडा दुडक्या चालीत फिरतोय. आधी तो पाठ ताठ धरतो आणि तुम्ही खोगिरावर नुसते आपटत राहता. वर्तुळं घाला, चाल बदला, धीर धरा. मग केव्हातरी तो नाकाने लांब फुरफुरतो, शेपटी सैल डुलायला लागते आणि खोगिराखालून पाठ वर येते. तुमचं बूड डावं-उजवं असं आळीपाळीने उचललं जातं. लोकलमध्ये सराईत माणूस कडी न धरता उभा राहतो, तसे तुम्ही काही न करता बसून राहता. हातात लगामाचं वजन असतं, पण ओढ नसते. ओठांवर पातळ पांढरा फेस. मान? ती आपली आपण पुढे आणि किंचित खाली गेलेली असते, नाक कपाळाच्या जरा पुढेच. उतरल्यावर वाळूतले ठसे बघा: मागचा पाय पुढच्याच्या ठशात किंवा त्याच्याही पुढे पडलेला दिसेल.

अध्यक्षांची चिठ्ठी आली. सात मिनिटं? बरं, पायऱ्या.

पहिली लय. साध्या चालण्यात टापांचे चार ठोके, दुडकीत दोन, कँटरमध्ये, म्हणजे संथ दौडीत, तीन. वळणावरही वेग तोच. दुसरी सैलपणा, तो आत्ता सांगितला. लय बिघडली की समजा अंग आखडलंय.

तिसरी लगामाशी संपर्क. मुंबईत स्वारीला मिळणारे पुष्कळ घोडे शर्यतीतून निवृत्त झालेले. तोंडाला ताण आला की पळायचं, हे त्यांच्या हाडीमाशी खिळलेलं. त्यांना ताण म्हणजे विसावा, हे शिकवायला महिने जातात. पारख सोपी आहे: चार पावलं हात पुढे सोडा. चाल आणि ठेवण तीच राहिली तर खरं. घोडा सुटला किंवा कोसळला तर तोवर तुम्ही त्याला उचलून धरलं होतंत.

चौथी जोम. म्हणजे घाई नव्हे. मागच्या पायांतला जोर पाठीतून पुढे येणं. पाचवी सरळपणा: माणसासारखाच घोडाही डावखुरा-उजवा असतो, मागचे पाय पुढच्यांच्या रेषेत आणायला रोज डावीकडे-उजवीकडे दोन्ही दिशांना काम लागतं.

सहावी, एकवटणं. मागचे सांधे वाकवून जास्त भार मागे घेणं. त्याला वर्षं लागतात, पाच वर्षांच्या घोड्याकडे ते मागूच नका. यावर खरं तर बरंच... खुर्च्या उचलायला माणसं आली वाटतं. प्रश्न बाहेर चहापाशी घेऊ.