जॅक रसेल हट्टी का वाटतो? बिळात शिरून बघू

नमस्कार मंडळी. सोलापुरातली मे महिन्याची संध्याकाळ आहे, कूलर चालू आहे, आणि आमची चिंगी इथे पलंगावर सोलापुरी चादरीच्या आत शिरून बसलीय. दिसतंय का? फक्त नाक बाहेर. घरी येणारा प्रत्येक जण विचारतो, "उकडत नाही का ओ हिला?"

चिंगी जॅक रसेल टेरियर आहे. वजन साडेपाच किलो, उंची माझ्या गुडघ्याच्याही खाली. हिच्याबद्दल मला सारखं ऐकावं लागतं की कुत्री लाडानं बिघडलीय, कुणाचं ऐकत नाही. मला ते पटत नाही. या जातीकडून काय काम करून घेतलं जायचं ते कळलं, की हिची एकेक सवय आपोआप उलगडते.

टेरियर हा शब्दच लॅटिन 'टेरा'वरून आलाय. टेरा म्हणजे जमीन. १८१९ साली ऑक्सफर्डमध्ये शिकणाऱ्या जॉन रसेल नावाच्या तरुणाने एका दूधवाल्याकडची पांढरी टेरियर कुत्री विकत घेतली. तिचं नाव ट्रम्प. रसेल पुढे इंग्लंडातल्या डेव्हनमध्ये पाद्री झाला आणि कोल्ह्याच्या शिकारीसाठी त्याने याच वळणाची कुत्री वाढवली. रंग पांढरा, म्हणजे धावपळीत कुत्रा कुठला आणि कोल्हा कुठला हे लांबूनही ओळखू यावं. आणि छाती बघा. मी दोन्ही हात असे धरले की बोटांना बोटं टेकतात. कोल्ह्याच्या बिळात शिरायचं तर एवढंच अंग चालतं.

आता ते बीळ डोळ्यांसमोर आणा. काळोख. मालक वर राहिला. समोर दात विचकणारा कोल्हा. त्याला मारायचं नाही. अडवून धरायचं किंवा बाहेर हुसकायचं, आणि भुंकत राहायचं, म्हणजे नेमकं कुठे खणायचं ते वरच्यांना कळेल. पुढे सरकायचं की मागे, हे तिथे सांगायला कुणी नसतं. दर वेळी मालकाच्या तोंडाकडे बघणारा कुत्रा तिथे काय कामाचा? म्हणून पिढ्यान्‌पिढ्या आपलं आपण ठरवणारी कुत्रीच निवडली गेली. मी "ये" म्हणते, चिंगी थांबते, बघते, मग येते. त्याला हट्टीपणा म्हणायला माझी जीभ वळत नाही.

गेल्या पावसाळ्यात ही पाण्याच्या टाकीच्या ओट्याशी तीन दिवस उकरत होती. पंजे काळ्या मातीने बरबटलेले. भाऊ ओरडायचा, "काय करलालीस बे चिंगे!" आम्ही खड्डा बुजवून वर फरशी ठेवायचो, ती फरशीच्या कडेने पुन्हा सुरू. उकरायची, थांबायची, मान तिरकी करून कान द्यायची, परत उकरायची. चौथ्या दिवशी ओट्याची कड खचली. खाली घुशीचं बीळ, माझा हात कोपरापर्यंत आत जाईल एवढं. तीन दिवस ती सांगत होती, आम्ही ऐकत नव्हतो.

जुन्या तबकड्यांवरचा, भोंग्यासमोर मान तिरकी करून बसलेला कुत्रा आठवतो? निपर. तोही टेरियरच होता.

खेळणं तोंडात धरून गदागदा हलवणं हेसुद्धा त्याच कामातलं; उंदीर असाच मारला जातो. म्हणून घरात ससा, पांढरे उंदीर असतील तर दोघांना एकत्र सोडू नका. आणि घुशींच्या मागे लागणारं कुत्रं असेल तर लेप्टोस्पायरोसिसची लस चुकवू नका. तो आजार त्यांच्या लघवीतून पसरतो आणि माणसालाही होतो.

उकरणं बंद करायच्या मागे मी लागत नाही. जुन्या टबात वाळू भरली, त्यात चेंडू पुरते. तेव्हापासून कुंड्या शाबूत आहेत.

एक सवय मात्र गोड मानू नका. चालता चालता मागचा एक पाय उचलून दोन-चार पावलं लंगडी घालते आणि मग काही झालंच नाही अशी चालते. लोक व्हिडिओ काढून हसतात. लहान जातींमध्ये गुडघ्याची वाटी सरकते, त्याचं हे लक्षण असू शकतं. तो व्हिडिओ डॉक्टरांना दाखवा.

शेंगा चटणी देऊ नका, तिच्यात लसूण असतो आणि तो कुत्र्यांना बाधतो.

शेवटी आपल्या उन्हाबद्दल. चेंडू टाकला की चिंगी आणणारच. जीभ लोंबली, पाय थरथरले तरी पुन्हा पायाशी आणून ठेवणार. दमले म्हणून थांबणं हिला ठाऊकच नाही, म्हणून चेंडू मी उचलून ठेवते. उन्हाळ्यात सकाळी सातच्या आत फिरून यायचं. डांबरावर तळहात ठेवून बघा. तुम्हाला सोसत नसेल तर तिलाही सोसणार नाही. धाप थांबेना, हिरड्या लालभडक दिसल्या, तोल जायला लागला, तर सावलीत आणा, अंगावर साधं पाणी ओता, पंख्याखाली धरा आणि रिक्षा बोलवा. डॉक्टरांना फोन रिक्षात बसल्यावर करा.