समोरचा ऐकत नाही तेव्हा

(निवेदन)

या दोघी पाहा. एकीनं मनगट धरलं, दुसरीनं झटका देऊन सोडवलं. छान जमलं. पण धरणारीला पुढे काय होणार हे माहीत होतं आणि तिनं ते होऊ दिलं.

आता तोच डाव पुन्हा. या वेळी धरणारीला एवढंच सांगितलंय की सोडायचं नाही. ती ओढते, ढकलते, दुसऱ्या हातानं खांदा पकडते. डाव फसतो. स्वसंरक्षणाचं शिक्षण खरं तर इथून सुरू होतं. कराटे की बॉक्सिंग की ज्युडो, हा प्रश्न नंतरचा.

१८८२ साली जिगोरो कानो यांनी टोकियोतल्या एका बौद्ध मंदिरात, अवघ्या बारा चटयांच्या जागेत, ज्युडो शिकवायला सुरुवात केली. जुजुत्सू या जुन्या जपानी झुंजकलेतले प्रहार आणि घातक पेच त्यांनी ठरावीक क्रमानं करायच्या ‘काता’मध्ये ठेवले. मोकळ्या झुंजीत, म्हणजे ‘रांदोरी’त, मुख्यतः फेकणं, दाबून धरणं असे डाव राहिले. वरवर पाहता कला सौम्य झाली. पण डोळ्यांत बोटं घालण्याचा सराव कुणी जोडीदारावर पूर्ण ताकदीनं करू शकत नाही. फेकण्याचा करता येतो, आणि रोज करता येतो. जे अंगात मुरलेलं असतं, तेच घाबरलेल्या क्षणी हाताशी येतं.

कारण भीती शरीर बदलते. छाती धडधडते, नजर समोरच्या एका बिंदूवर खिळते, बोटांची नाजूक हालचाल बिघडते. पाच टप्प्यांचा मनगटाचा पेच तिथं आठवत नाही. ढकलणं, डोकं झाकणं, पळणं जमतं.

१९९३ मध्ये अमेरिकेतल्या डेन्व्हर शहरात वेगवेगळ्या शैलींचे लढवय्ये एकमेकांसमोर उभे राहिले. ब्राझिलियन जुजुत्सू, म्हणजे मुख्यतः जमिनीवर झुंजण्याची कला, शिकलेल्या सुमारे ८० किलोंच्या रॉयस ग्रेसीनं एका रात्रीत तिघांना शरण आणलं. जमिनीवरच्या झुंजीचं महत्त्व जगाला दिसलं. पण तिथं समोर एकच माणूस होता, हत्यार नव्हतं, पंच होता. रस्त्यावर जमिनीवर पडून राहणं धोक्याचं. म्हणून खालून सुटून उभं राहायचा सराव वेगळा करावा लागतो.

आणि पडायचाही. हनुवटी छातीशी, डोकं जमिनीपासून दूर. एका ठोशानं माणूस दगावतो, तेव्हा पुष्कळदा घात होतो तो डोकं फरशीवर आपटल्यामुळे. पायऱ्यांवरून घसरलात तरी हेच कौशल्य कामी येतं. माझ्या मते सगळ्यात आधी शिकावं ते हेच.

सुरीचं काय? पांढरा सदरा घाला, जोडीदाराच्या हातात मार्कर द्या आणि त्याला मनापासून हल्ला करू द्या. काही सेकंदांत सदऱ्यावर रेघा उमटतात. हा प्रयोग पाहिल्यावर सुरी हिसकावण्याचे देखणे डाव पटत नाहीत. अंतर वाढवणं, मध्ये खुर्ची किंवा टेबल आणणं आणि वाट दिसताच पळणं, हे शिकवणारा प्रशिक्षक प्रामाणिक आहे. तळवे उघडे ठेवून, छातीसमोर हात धरून, मोठ्यानं “थांब! मागे हो!” म्हणण्याचा सरावही तो करून घेईल. आवाज आयत्या वेळी आपोआप फुटत नाही.

वर्ग निवडण्याआधी एक तास बाजूला बसून पाहा. हलक्या वजनाच्या शिष्यांना खरा प्रतिकार मिळतो का? जोडीदारानं ‘थांब, हरलो’ या अर्थी हात थोपटताच पकड सुटते का? डाव फसला तर शिक्षक शिष्याला दटावतो, की तो का फसला हे दाखवतो?