हवा खेळती ठेवायची होती

(पडद्यावर: लालसर सुळके, मोकळं माळरान, लाकूड-मातीचं एक गोल घर. दार उगवतीकडे.)

अमेरिकेच्या नैऋत्येला अ‍ॅरिझोना, न्यू मेक्सिको आणि युटा ही राज्यं एकमेकांना भिडतात. तिथे नावाहो लोकांचा मुलूख आहे. ते स्वतःला 'दिने' म्हणवतात. मेंढ्या राखायच्या, मका पेरायचा, घराचं दार उगवतीला ठेवायचं, असं त्यांचं जगणं. याच डोंगरांत युरेनियम सापडलं. १९४४ ते १९८६ या काळात इथून सुमारे ३ कोटी टन खनिज निघालं. अणुबाँबचा कच्चा माल होता तो, आणि सुरुवातीची वीसेक वर्षं त्याला गिऱ्हाईक एकच होतं: अमेरिकेचं सरकार.

घराजवळ काम आणि हातात रोख पगार म्हटल्यावर गावोगावची तरणी पोरं खाणीत उतरली.

(पडद्यावर: खाणीचं अरुंद तोंड, आत काळोख.)

त्या खाणीतली एक पाळी डोळ्यांसमोर आणा. सुरुंग उडालाय. धूर अजून खाली बसलेला नाही, तोवर मजुरांना आत पाठवलं जातंय. ड्रिल कोरडंच चालतंय, त्याचा भुगा नाकातोंडात जातोय. तहान लागली की भिंतीतून झिरपणारं पाणी ओंजळीत धरून प्यायचं. संध्याकाळी त्याच कपड्यांनी घरी जायचं. बायको ते कपडे झटकणार आणि लेकरांच्या कपड्यांबरोबर हाताने धुणार. खाणीबाहेर पडलेले दगड चांगले चौकोनी असायचे. कुणी ते घराच्या पायात बसवले, कुणी भिंतीत.

रेडिएशन या गोष्टीला दिनेंच्या भाषेत शब्दच नव्हता. आणि तो समजावून सांगायला कुणी आलंही नाही.

(पडद्यावर: अंधारात टॉर्चच्या झोतात तरंगणारी धूळ.)

युरेनियमच्या खडकातून रेडॉन नावाचा वायू सतत पाझरत असतो. त्याला रंग नाही, वास नाही. हा वायू श्वासाबरोबर आत जातो तसा बराचसा बाहेरही येतो. खरा घात करतात त्याच्यापासून तयार होणारे पोलोनियमचे अणू. ते धुळीच्या कणाला चिकटतात आणि धुळीबरोबर श्वासनलिकेत जाऊन बसतात. तिथे काही मिनिटांतच ते फुटतात आणि त्यांच्यातून अल्फा कण सुटतो. हा कण इतका लवकर थांबतो की साधा कागद त्याला अडवतो, आपली कातडीही अडवते. पण श्वासनलिकेच्या आतल्या नाजूक अस्तरावर कातडीचं संरक्षण नसतं. तिथे तो आपली सगळी ताकद मोजक्या पेशींवर ओततो. असं रोज, प्रत्येक पाळीत. कॅन्सर दिसतो तो दहा, वीस, तीस वर्षांनी. तोवर माणूस खाण सोडून पुन्हा मेंढ्यांमागे गेलेला असतो.

हे कुणाला ठाऊक नव्हतं का? ठाऊक होतं. जर्मनीतल्या श्नेबर्गच्या खाणकामगारांना होणारा छातीचा आजार म्हणजे फुप्फुसाची गाठ आहे, हे १८७९ मध्येच दोन डॉक्टरांनी लिहून ठेवलं होतं. १९३२ पर्यंत जर्मनी आणि चेकोस्लोव्हाकियाने त्या कामगारांचा कॅन्सर भरपाईला पात्र असा धंद्याचा आजार मानला होता. नावाहो मुलखात युरेनियम निघू लागलं, त्याच्याही बारा वर्षं आधीची ही गोष्ट.

१९५० मध्ये अमेरिकेच्या सार्वजनिक आरोग्य सेवेने खाणकामगारांच्या तपासण्या सुरू केल्या. डंकन हॉलडे हे अधिकारी खाणीखाणीतून रेडॉन मोजत फिरले. आकडे भयंकर होते. उपायही त्यांनी सांगितला: पंखे बसवा, झरोके पाडा, हवा खेळती ठेवा. पण मजुरांना धोका सांगायचा नाही, त्यांना बिथरवायचं नाही, अशा समजुतीवरच कंपन्यांनी डॉक्टरांना आत येऊ दिलं होतं. रक्त घेतलं, छातीचे फोटो काढले, नोंदी ठेवल्या. ज्याच्या छातीचा फोटो काढला, त्यालाच तो कशासाठी हे सांगितलं नाही. मला या सगळ्या हकिकतीत हीच गोष्ट सर्वांत जास्त टोचते.

आणि हे युरेनियम विकत घेणारा अमेरिकी सरकारचा अणुऊर्जा आयोग? त्याचं म्हणणं, कायद्याने आमची जबाबदारी सुरू होते ती खनिज जमिनीतून बाहेर आल्यावर. आतला माणूस त्या जबाबदारीत बसत नव्हता. खाणीतल्या रेडॉनवर देशभर लागू होणारी मर्यादा घालायला १९६७ साल उजाडलं.

(पडद्यावर: दवाखान्याचा लांब व्हरांडा.)

नावाहो लोकांत विडीकाडी फारच कमी. त्यामुळे फुप्फुसाचा कॅन्सर त्यांच्यात जवळपास नव्हताच. १९६९ ते १९८२ या काळात न्यू मेक्सिकोच्या कॅन्सर नोंदणीत ३२ नावाहो पुरुषांना हा कॅन्सर झाल्याचं दिसलं. त्यांतल्या ७२ टक्क्यांनी युरेनियमच्या खाणीत काम केल्याची नोंद सापडली. तुलनेसाठी श्वसनमार्गाबाहेरचे दुसरे कॅन्सर झालेले नावाहो पुरुष घेतले होते. त्यांच्यात अशी नोंद एकाचीही नव्हती. तंबाखूवर खापर फोडायला इथे जागाच उरली नाही.

विधवा कोर्टात गेल्या. त्यांची बाजू घेतली स्ट्युअर्ट उडॉल यांनी. एकेकाळी ते केंद्रात मंत्री होते. १९८४ मध्ये न्यायाधीशांनी दुःख मान्य केलं, पण सरकारवर दावा चालत नाही, दाद संसदेकडे मागा, असं सांगितलं. मग १९९० मध्ये भरपाईचा कायदा झाला. त्यात देशाच्या वतीने माफी होती आणि पात्र कामगाराला किंवा त्याच्या वारसाला १ लाख डॉलर.

पण पैशासाठी कागद लागत होते. किती दिवस खाणीत होता, त्याचा कागद. तुम्ही त्याच्याच पत्नी, त्याचाही कागद. दिनेंचं लग्न असं लागतं: वधूवर एकाच टोपलीतला मक्याचा घाटा खातात, भोवती दोन्हीकडची माणसं बसलेली असतात. तीस-चाळीस वर्षं संसार केलेल्या, नवऱ्याचे पिवळ्या धुळीचे कपडे रोज हाताने धुतलेल्या बाया भरपाईच्या खिडकीपाशी उभ्या राहिल्या, तेव्हा त्यांच्याकडे लग्नाचा दाखला म्हणून दाखवायला ती टोपलीच होती.