तीस पौंडांचा फरक

(पडद्यावर: लास वेगास, 13 नोव्हेंबर 1992. दहावा राऊंड.)

डावीकडे रिडिक बो. उंची सहा फूट पाच इंच, वजन 235 पौंड, म्हणजे साधारण 107 किलो. उजवीकडे जगज्जेता इव्हॅन्डर होलिफिल्ड, 205 पौंड, 93 किलो. घंटा झाली आणि थोड्याच वेळात बोच्या ठोशांनी होलिफिल्डचे पाय लटपटायला लागले. तो दोरांकडे ढकलला गेला, मार खात राहिला. रेफरी आता मध्ये पडणार असं वाटत असतानाच तीस पौंडांनी हलका असलेला हा माणूस पुढे सरकला आणि राऊंड संपता संपता बोच मागे हटत होता.

लढत होलिफिल्ड हरला. अकराव्या राऊंडमध्ये तो खाली पडला, तिन्ही पंचांनी बोच्या बाजूने कौल दिला, किताब गेला. कारकीर्दीतला हा त्याचा पहिला पराभव.

खालच्या वजनगटातून हेवीवेटमध्ये गेलेला बॉक्सर किती मोठा, हा वाद निघाला की लोक किताब मोजतात आणि पौंड मोजतात. आम्हाला विचाराल तर आधी त्याचे पराभव काढून बघा. कुणाकडून हरला, आणि हरल्यावर कुठे गेला?

(पडद्यावर: वजनकाटा.)

बॉक्सिंगमध्ये प्रत्येक गटाला वरची मर्यादा असते. हेवीवेटला नाही. समोरचा 210 पौंडांचा असेल, नाहीतर 280 चा. खाली ज्या ठोशाने माणूस आडवा व्हायचा, तोच ठोसा खाऊन इथला माणूस पुढे येत राहतो. शिवाय क्लिंच आहे. मोठा बॉक्सर मिठी मारतो आणि अंगावर रेलतो. ते वजन बारा राऊंड मानेवर आणि मांड्यांवर पेलायचं. बरं, स्वतःचं वजन वाढवावं तर वाढलेल्या स्नायूंना प्राणवायूही जास्त लागतो. वेग जातो, दम जातो. ज्या जोरावर वर आलात, तेच हातचं सुटतं.

रॉय जोन्स ज्युनियरचं नाव इथे हमखास येतं. 1 मार्च 2003 ला त्याने 193 पौंड वजनावर 226 पौंडांच्या जॉन रुईझला गुणांवर सहज हरवलं. मिडलवेटच्या, म्हणजे बऱ्याच खालच्या गटाच्या, माजी जगज्जेत्याने हेवीवेटचा किताब जिंकल्याचं त्याआधीचं उदाहरण थेट 1897 चं होतं, बॉब फिट्झसिमन्सचं. म्हणजे विक्रम खराच. पण त्या काळी हेवीवेटचा खरा धनी लेनॉक्स लुईस होता, आणि जोन्स त्याच्या वाटेला गेला नाही. त्याच नोव्हेंबरमध्ये तो परत लाइट हेवीवेटमध्ये उतरला, आणि मे 2004 मध्ये अँटोनियो टार्व्हरने त्याला दुसऱ्याच राऊंडमध्ये झोपवलं. जोन्स थोर बॉक्सर होता यात वाद नाही. हेवीवेटमध्ये मात्र तो पाहुणा म्हणून आला, जेवला आणि गेला.

मायकल स्पिंक्सच्या वाट्याला उलटा अन्याय आला. सप्टेंबर 1985 मध्ये लॅरी होम्स सलग 48 लढती जिंकून उभा होता. रॉकी मार्सियानोच्या सलग 49 विजयांना एकच कमी. लाइट हेवीवेटचा विद्यमान जगज्जेता स्पिंक्स 200 पौंडांचा होऊन आला आणि पंधरा राऊंडनंतर जिंकला. असं आधी कुणालाच जमलं नव्हतं. पण 27 जून 1988 ला माइक टायसनने त्याला 91 सेकंदांत संपवलं, आणि लोकांच्या लक्षात तेवढीच दीड मिनिटं राहिली. स्पिंक्स त्यानंतर रिंगमध्ये उतरलाच नाही.

(पडद्यावर: अटलांटा, 12 जुलै 1986.)

आता होलिफिल्ड. तो आला क्रूझरवेटमधून, म्हणजे हेवीवेटच्या लगेच खालच्या गटातून. त्या गटाची मर्यादा तेव्हा 190 पौंड होती. व्यावसायिक झाल्यावरच्या अवघ्या बाराव्या लढतीत त्याने ड्वाइट मुहम्मद कावीशी पंधरा राऊंड झुंज घेतली. किताब मिळाला, पण अंगातलं पाणी इतकं गेलं होतं की नंतर रुग्णालयात दाखल व्हावं लागलं. 1988 मध्ये तो क्रूझरवेटचा निर्विवाद जगज्जेता झाला आणि त्याच वर्षी वर सरकला.

जाणकार हसले. ‘फुगवलेला क्रूझरवेट’ म्हणाले. त्याने व्यायामाचे तज्ज्ञ गाठले, शरीरसौष्ठवपटू ली हेनीकडून धडे घेतले. या कमावलेल्या शरीराबद्दल पुढे संशयही घेतला गेला. 2007 मध्ये एका औषध प्रकरणाच्या तपासात त्याचं नाव जोडलं गेलं. त्याने आरोप साफ नाकारला आणि त्याच्यावर गुन्हा दाखल झाला नाही.

25 ऑक्टोबर 1990. टायसनला टोकियोत लोळवणारा बस्टर डग्लस 246 पौंडांचा होऊन आला, होलिफिल्ड 208. तिसऱ्या राऊंडमध्ये डग्लसने लांबून अपरकट (खालून वर जाणारा ठोसा) टाकला, होलिफिल्ड जरासा मागे झाला आणि उजव्या हाताचा सरळ ठोसा. खेळ खलास. तरी टीका थांबली नाही. डग्लस सुटलेल्या पोटाने आला होता म्हणे, आणि ते खरंच होतं. मग 42 वर्षांचा जॉर्ज फोरमन आणि तितक्याच वयाचा होम्स. दोघांना हरवलं, पण म्हाताऱ्यांना हरवलं असंच लोक म्हणाले.

त्यामुळेच बोकडून झालेला तो पराभव महत्त्वाचा. तरणाबांड, मोठा, तयारीत असलेला हेवीवेट समोर आला आणि होलिफिल्ड बारा राऊंड टिकला. खालच्या गटात परतायचा रस्ता मोकळा होता. एका वर्षात तो पुन्हा त्याच बोसमोर उभा राहिला. या वेळी बो 246, हा 217. बारा राऊंडनंतर निकाल होलिफिल्डच्या बाजूने. (हीच ती लढत, जिच्यात सातव्या राऊंडला पॅराशूटवाला माणूस आकाशातून येऊन दोरांवर अडकला होता. त्याची क्लिप सगळ्यांनी पाहिलेली असते, लढत फार थोड्यांनी.) 1995 मध्ये तिसऱ्यांदा गाठ पडली, तेव्हा त्याने बोला खाली पाडलं आणि आठव्या राऊंडमध्ये स्वतः हरला. पुढच्याच वर्षी, नोव्हेंबर 1996 मध्ये, सगळ्यांनी मोडीत काढलेल्या या चौतीस वर्षांच्या माणसाने टायसनला अकराव्या राऊंडमध्ये थांबवलं.

कारकिर्दीचा हिशेब: 44 विजय, 10 पराभव, 2 बरोबरी. शेवटची वर्षं बघवत नाहीत. 2004 मध्ये न्यूयॉर्कच्या बॉक्सिंग आयोगाने त्याला लढायलाच मनाई केली. ते 10 बघून नाक मुरडणाऱ्यांनी नावं वाचावीत: बो दोनदा, मायकल मूरर, लुईस. मूररला त्याने नंतर हरवून हिशेब चुकता केला.

(पडद्यावर: रियाध, 21 डिसेंबर 2024.)

युक्रेनच्या ओलेक्सांडर उसिकने मात्र हा सगळा युक्तिवाद अवघड करून ठेवलाय, कारण मोजायला पराभवच नाही. क्रूझरवेटचे किताब त्याने ग्दान्स्क, रिगा आणि मॉस्कोत, परक्या प्रेक्षकांपुढे मिळवले. मग हेवीवेटमध्ये येऊन लंडनमध्ये अँथनी जोशुआला हरवलं. टायसन फ्युरीला दोनदा. दुसऱ्या वेळी फ्युरी 281 पौंड, उसिक 226. तिन्ही पंचांचे गुण 116-112. जुलै 2025 मध्ये डॅनियल डुबॉ पाचव्या राऊंडमध्ये गारद.

कागदावर उसिक वरचढ आहे, हे मान्य. तरी आमचा कल अजून होलिफिल्डकडे आहे. उसिकच्या हेवीवेटमधल्या मोठ्या लढती सहा, पण माणसं तीन: जोशुआ, फ्युरी, डुबॉ. होलिफिल्डच्या काळात वाट अडवायला दर वर्षी नवा माणूस उभा होता. यात उसिकचा दोष नाही. आता लढतीच कमी होतात. पण जोशुआ आणि फ्युरी दोघंही लांबून लढणारे, आणि उसिकच्या चपळ पायांना तेच मानवतं. सतत अंगावर येऊन, छातीला छाती लावून लढणाऱ्या बलदंड माणसासमोर तो काय करेल, याचा एक नमुना 2020 मध्ये डेरेक चिसोराने दाखवला होता. पहिले काही राऊंड उसिकला श्वास घ्यायला सवड मिळाली नव्हती. जिंकला अर्थात तोच. पण चिसोरा तेव्हा 36 वर्षांचा होता आणि उत्तरार्धात त्याचाच दम संपला.