धवलारिणीचं घराणं

नवी मुंबई, घणसोली गावठाण. या घरातल्या आजींचं माहेर उरणकडचं. माहेरची वंशावळ कागदावर पक्की आहे, कारण नवी मुंबई वसवणाऱ्या सिडकोच्या साडेबारा टक्के योजनेत, म्हणजे घेतलेल्या जमिनीच्या बदल्यात तेवढा भाग विकसित करून परत देण्याच्या योजनेत, भूखंड मिळवायला वारस दाखवावे लागले. खापरपणजोबा, पणजोबा, आजोबा, वडील, भाऊ, सगळे तिथे आहेत. आजी आहेत फक्त हक्कसोडपत्रावर, अंगठ्याच्या ठशासकट.

त्यांचं दुसरं घराणं आईकडून आलं, आणि त्याची कुठेच नोंद नाही. आजी धवलारीण आहेत. आगरी-कोळ्यांच्या लग्नात विधी चालवणारी, प्रत्येक विधीचा धवला, म्हणजे त्या विधीचं गाणं, म्हणणारी बाई. घाणा भरताना एक, हळद लागताना दुसरा, मांडवात उंबराची फांदी येते तेव्हा तिसरा. एकवीरा आईला, गावदेवीला आवतण देणारीही तीच. मराठीतली पहिली ज्ञात कवयित्री महदंबा हिने तेराव्या शतकात कृष्ण-रुक्मिणीच्या लग्नाचे धवळे रचले. बायकांचं हे गाणं किमान तेवढं जुनं.

आजींना विचारा, कुठला धवला कुणाचा. त्या अडखळत नाहीत. हळदीचा आईचा. घाण्याचा इथे सासूनं दिला. त्याची चाल ठाण्याकडची, उरणची नव्हे. उंबराचा आईच्या आईचा. तिला तो तिच्या आत्यानं शिकवला होता. त्या आत्याचं नाव आजींना ठाऊक नाही, तिला दिलेलं गाव तेवढं ठाऊक आहे. बाईच्या वंशाचा इतका नेमका हिशेब मी एकाही सरकारी दप्तरात पाहिलेला नाही.

शिकणं असं कुणी शिकवलं नाही. आई लग्नाला निघाली की लेक मागे जायची, मागे बसून ओळ उचलायची. एरवी दिवस मिठागरात, डोक्यावर मिठाची टोपली, नाहीतर खारबांधाच्या आत भातलावणीत. लग्न होऊन आजी खाडीच्या या काठाला आल्या तेव्हाही काम तेच होतं.

१९७० साली सिडको आली. ठाणे, पनवेल, उरणमधल्या ९५ गावांच्या जमिनी नव्या शहरासाठी ठरल्या. शेतकऱ्यांचे नेते दि. बा. पाटील यांच्या नेतृत्वाखाली लोक उभे राहिले. जानेवारी १९८४ मध्ये उरण तालुक्यात गोळीबार झाला, पाच शेतकरी हुतात्मा झाले. साडेबारा टक्के मिळाले ते त्या लढ्यामुळे.

आजींच्या दोन्ही घरची शेतं गेली. घरात उखळ राहिलं नाही. घाण्याच्या दिवशी ते शेजारून आणावं लागतं. पण धवल्यात भात अजून कांडला जातो, पाटीभर हळद अजून दळली जाते, आणि हॉलमध्ये डीजे लावणारी घरंसुद्धा तेवढा वेळ तो बंद ठेवतात. हे मला फार मोलाचं वाटतं.

सध्या आजींच्या मागे बसते ती त्यांची भाची, उरणहून येते. येत्या वैशाखात तिच्याकडे पहिलं लग्न आहे. हळदीचा आणि घाण्याचा धवला ती एकटी म्हणणार. उंबराचा दोघी मिळून.