अंगठा उडाला, जागा सापडली

(पडद्यावर: खुर्चीच्या हातावर टेकलेला उजवा पंजा. टक् असा आवाज. अंगठा उडतो.)

हा अंगठा या माणसाने हलवलेला नाही. डोक्याच्या डाव्या बाजूला टेकवलेल्या त्या कॉइलने हलवलाय. सुई नाही, भूल नाही. पुन्हा बघा.

(तेच दृश्य, सावकाश.)

छत्रपती संभाजीनगरातला हा दवाखाना. खुर्चीतले काका गेवराई तालुक्यातले, सकाळची एसटी धरून येतात. दोन वर्षं नैराश्य, कशातच मन नव्हतं. दोन तऱ्हेच्या गोळ्या झाल्या, म्हणावा तसा गुण आला नाही. डॉक्टरांनी टीएमएस, म्हणजे चुंबकाच्या ठोक्यांनी मेंदू चेतवण्याचा उपचार, सुचवलं, तेव्हा घरच्यांच्या तोंडून पहिला शब्द निघाला, "शॉक?"

शॉक नव्हे. त्यात भूल देऊन मेंदूत मुद्दाम झटका आणतात, आणि आजार गंभीर असेल तर तोही जीव वाचवतो. इथे मात्र काका जागे आहेत, डॉक्टरांशी पावसापाण्याचं बोलताहेत.

(कॉइल जवळून.)

आत तांब्याची तार, इंग्रजी आठच्या आकड्यासारखी गुंडाळलेली. तिच्यातून क्षणभर जबर वीज सोडली की चुंबकीय क्षेत्र कवटीपार जातं आणि दोन-तीन सेंटीमीटर खोलवरच्या पेशींत बारीक प्रवाह उठवतं. विहिरीवरच्या मोटारीतल्या रोटरलाही तार जोडलेली नसते, तरी त्यात वीज येते. नियम एकच, फॅरेडेने 1831 मध्ये दाखवलेला. 1985 मध्ये इंग्लंडातल्या शेफील्डला अँथनी बार्कर यांनी तो माणसाच्या मेंदूवर वापरला. तिथेही आधी हातच हलला होता.

ज्या जोराला अंगठा जेमतेम उडतो, त्यावरून काकांची मात्रा ठरते. मग कॉइल पुढे सरकते, कपाळाच्या वर, डावीकडे. नैराश्यात इथलं काम अनेकदा मंदावलेलं दिसतं. कानात बोळे.

(टक्-टक्-टक्. निवेदन थांबते.)

सेकंदाला 10 ठोके, 4 सेकंद. मग 26 सेकंद उसंत. असे 3000 ठोके, साडेसदतीस मिनिटं. आठवड्याचे पाच दिवस, चार ते सहा आठवडे. अलीकडे तीन मिनिटांची पद्धतही आली आहे, आणि रोज एसटीने येणाऱ्याला ती केवढ्या सोयीची!

अमेरिकेच्या औषध प्रशासनाने 2008 मध्ये नैराश्यासाठी, 2018 मध्ये मंत्रचळासाठी (ओसीडी, म्हणजे तेच विचार, तीच कृती पुन्हा पुन्हा) आणि 2020 मध्ये सिगारेट सोडवण्यासाठी याला मान्यता दिली. हात आवरत नाही, तलफ आवरत नाही, अशा इतर आजारांवर अभ्यास चालू आहेत.

डोकं दुखतं, क्वचित फिट येऊ शकते, डोक्यात धातू बसवलेला असेल तर सहसा हा उपचार देत नाहीत, आणि सगळ्यांनाच गुण येतो असं नाही. काकांना चौथ्या आठवड्यात झोप लागू लागली.

राज्यातली चार जुनी मनोरुग्णालयं ठाणे, पुणे, नागपूर आणि रत्नागिरीत. मराठवाड्याच्या वाट्याला त्यांतलं एकही नाही. हे यंत्र एका खोलीत मावतं. जिल्हा रुग्णालयात एवढी खोली निघणार नाही?

(बसस्थानक. काका खिडकीशी बसतात, पिशवीतला डबा उघडतात. खालची पट्टी: टेलिमानस, मानसिक आरोग्याची सरकारी हेल्पलाइन, 14416. मोफत, चोवीस तास, मराठीतही.)